चरबी साठवणारा, चरबी फोडणारा: एका तुलनेची पार्श्वभूमी

खोल समुद्रातला महाकाय आयसोपॉड (खेकड्या-कोळंबीच्या कुळातला कवचधारी प्राणी) बॅथिनोमस आणि आपल्या त्वचेतला जिवाणू क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस यांची तुलना आकारावर बेतली, तर ती गमतीपुरतीच उरते. तिला अर्थ येतो तो चरबीमुळे. एक चरबी साठवून उपासमार निभावतो, दुसरा तैलग्रंथींतल्या आयत्या चरबीवर जगतो.

मेक्सिकोच्या आखातात सापडलेल्या बॅथिनोमसचे वर्णन १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि खोल समुद्र निर्जीव असतो, ही डळमळू लागलेली समजूत आणखी मागे पडली. आपला त्वचेतला जिवाणू मुरुमांत सापडतो; तो १८९६ मध्ये नोंदला गेला.

खरा गुंता जिवाणूच्या वर्गीकरणाचा. आधी बॅसिलस, मग कोरिनेबॅक्टेरियम आणि प्रोपिऑनिक आम्ल तयार करतो म्हणून १९४६ पासून प्रोपिऑनिबॅक्टेरियम. त्यामुळे स्विस चीजला भोके पाडणारा जिवाणू आणि मुरुमांतला जिवाणू सत्तर वर्षे एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, नांदले. २००४ मध्ये मुरुमांतल्या जिवाणूचा सुमारे २५.६ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांचा) जनुकसंच वाचून झाला. २०१६ मध्ये अनेक जातींचे जनुकसंच ताडून त्वचेवरच्या जाती क्युटिबॅक्टेरियम या नव्या प्रजातीत काढण्यात आल्या. त्वचेशी जुळवून घेताना त्यांनी चरबी फोडणाऱ्या लायपेजची जनुके मिळवली आणि इतर काही गमावली, हा त्यामागचा महत्त्वाचा आधार. काही त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र जुनेच नाव वापरत राहू, असे २०१८ मध्ये लेखी मांडले. त्यांची अडचण खरी आहे. जुने संशोधन धुंडाळताना आजही दोन्ही नावे टाकून शोधावे लागते. तरीही निर्णय योग्यच होता. हा जिवाणू कुठे राहतो आणि काय खातो, हे दुधातल्या भाऊबंदांच्या गर्दीत झाकले जात होते.

आयसोपॉडचा जनुकसंच यायला २०२२ उजाडले. तो तब्बल ५८९ कोटी बेसजोड्यांचा, म्हणजे जिवाणूच्या सुमारे २,३०० पट. या प्राण्यात चरबी फार संथ गतीने मोडली जाते आणि दीर्घ उपास सोसण्याचे रहस्य त्यातच असावे, असा अंदाज त्या अभ्यासाने मांडला.

इथे हटकून आठवतो तो जपानी मत्स्यालयातला बॅथिनोमस. २ जानेवारी २००९ रोजी ५० ग्रॅमचा मासा खाल्ल्यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये मरेपर्यंत त्याने अन्न घेतले नाही. पण तो जायगँटियस जातीचा होता, जनुकसंच वाचला गेला तो जेमेसी जातीचा. एकाच्या उपासाचे कारण दुसऱ्याच्या जनुकांवरून ठरवून टाकणे घाईचे होईल.