न्यू एकोटाचा तह

चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ‘अश्रूंची वाट’, म्हणजे त्यांची पश्चिमेकडे झालेली सक्तीची हकालपट्टी, म्हटली की कडाक्याच्या थंडीत पाय ओढत चाललेली माणसंच आठवतात. पण तो प्रवास सुरू झाला एका कागदापासून, आणि त्यावर सह्या होत्या चेरोकींच्याच.

कागदाचं त्यांना वावडं नव्हतं. १८२१ मध्ये सिक्वोयाने त्यांच्या भाषेची लिपी तयार केली. आपल्या ‘का’, ‘की’सारख्या प्रत्येक उच्चाराला तीत वेगळं चिन्ह होतं. १८२७ मध्ये लेखी राज्यघटना झाली. पुढच्याच वर्षी न्यू एकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे द्विभाषिक वृत्तपत्र निघालं, संपादक इलायस बुडिनॉट.

त्याच सुमारास त्यांच्या भूमीत डालोनेगाजवळ सोनं सापडलं आणि जमिनीवर आधीपासूनच डोळा असलेल्या जॉर्जिया राज्याला दम निघेना. १८३० मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हटवण्याच्या कायद्यावर सही केली. चेरोकी कोर्टातही लढले. जॉर्जियाचे कायदे त्यांच्या भूमीत चालणार नाहीत, असा निकाल १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलाही. पण तो पाळतो कोण? जॉर्जियाने चेरोकींच्या जमिनींची चक्क लॉटरी काढली. मुख्य प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून परतला, तर त्याच्याच घरात लॉटरी लागलेला माणूस राहायला आलेला!

आता इथे राहिलो तर उरणार नाही, असं चेरोकी पुढारी मेजर रिज, त्याचा मुलगा जॉन आणि बुडिनॉट यांना वाटू लागलं होतं. २९ डिसेंबर १८३५ला त्यांच्या गटाने ५० लाख डॉलरच्या बदल्यात देश लिहून दिला. सह्या जेमतेम वीसेक. रॉसने हजारो जणांचा निषेध नोंदवला, तरी सिनेटने तह मंजूर केला; लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा एकच मत जास्त पडलं.

मे १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटच्या सैनिकांनी लोकांना घरांतून, शेतांतून उचलून कोंडवाड्यांत डांबलं. उन्हाळाभर तिथे हगवणीने माणसं मेली. मग पश्चिमेची वाट; काही तुकड्या गोठलेल्या मिसिसिपीच्या काठी अडकून पडल्या. सुमारे १६ हजारांपैकी ४ हजार दगावल्याचा अंदाज सांगतात. चेरोकी मालकांचे काळे गुलामही या वाटेने गेले, हे सहसा कोणी सांगत नाही.

२२ जून १८३९ला दोघे रिज आणि बुडिनॉट यांची एकाच दिवशी हत्या झाली. परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला चेरोकींत देहदंड होता. अशाच जमिनीच्या व्यवहारावरून १८०७ मध्ये डबलहेड नावाच्या पुढाऱ्याला मारलं गेलं होतं. मारणाऱ्यांत मेजर रिज होता.