गार्सिनॉल

रातांब्याच्या (कोकमाच्या, गार्सिनिया इंडिका) सालीतले पिवळे, मेदात विरघळणारे संयुग. रेणुभार सुमारे ६०३. सुकलेल्या सालीत ते वजनाच्या २ ते ३ टक्के असते. सालीचा लाल रंग अँथोसायनिनांचा आणि आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. ही दोन्ही पाण्यात उतरतात, गार्सिनॉल फारसे उतरत नाही. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी होणाऱ्या आगळात (रातांब्याच्या रसात) रंग आणि आंबटपणा येतो, गार्सिनॉल मात्र बहुतांशी चोथ्यातच राहते.

पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, हिस्टोनांच्या एका गठ्ठ्याभोवती सुमारे १४७ बेसजोड्या. हिस्टोनाच्या लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट बसला की तिथला धन प्रभार जातो, पकड सैल होते आणि जनुक वाचले जाते. हा गट बसवणारी पी३०० आणि पीसीएएफ ही विकरे (एन्झाइम) गार्सिनॉल रोखते, हे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तापस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. विकराचे काम निम्म्यावर आणायला पी३००साठी सुमारे ७ आणि पीसीएएफसाठी ५ मायक्रोमोलर पुरते. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या हेला या मानवी कर्करोग पेशींत अनेक जनुकांची अभिव्यक्ती घटली आणि पेशी स्वतःहून मेल्या. गार्सिनॉल एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचेही काम मंदावते, आणि पेशीला विभाजनाकडे ढकलणारे सायक्लिन डी१चे जनुक चालू करणाऱ्यांत हे प्रथिन एक आहे. अडचण अशी की विभाजनाला लगाम घालणाऱ्या पी५३ प्रथिनावरही पी३००च ॲसिटिल गट चढवते. म्हणजे वेग आणि लगाम दोन्हींना धक्का बसतो. औषध म्हणून विचार करताना ही एक मोठी उणीव ठरते.

पेशींवर गार्सिनॉलचा परिणाम तपासण्याच्या प्रयोगासाठी मीठ न लावता वाळवलेली साल घ्यावी. आमसुलाला रसाचे पुट देताना मीठ आणि आम्ल साठते, आणि तीव्र आम्लात गार्सिनॉलचे आयसोगार्सिनॉल होते. वळवाच्या पावसात भिजून बुरशी आलेली साल टाकून द्यावी. अर्क इथेनॉलमध्ये काढून स्तंभ वर्णलेखनाने (कॉलम क्रोमॅटोग्राफीने) शुद्ध करतात. ६ मिलिग्रॅम गार्सिनॉल १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवले की सुमारे १० मिलिमोलर द्रावण होते. ते पेशी वाढवण्याच्या माध्यमात हजारपट पातळ केले की १० मायक्रोमोलर मिळते आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहते. तुलनेच्या पेशींना तेवढेच नुसते डीएमएसओ द्यावे.

जनुकांची अभिव्यक्ती मोजणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीमध्ये हमखास चूक होते ती संदर्भ जनुकाची, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेल्या जनुकाची. गार्सिनॉल सरसकट अनेक जनुके दाबते, म्हणून ‘स्थिर’ मानलेले जनुकही खाली जाऊ शकते आणि त्याच्याशी तुलना केल्यास सायक्लिन डी१मधली घट लपते. किमान दोन-तीन संदर्भ जनुके तपासावीत, आणि मेलेल्या पेशी वेगळ्या मोजाव्यात. नाहीतर नुसत्या विषारीपणामुळे झालेली घट जनुक-नियंत्रण समजली जाते. हे सारे निष्कर्ष मुख्यतः काचपात्रातील पेशींवरचे आहेत. सोलकढी प्यायल्याने शरीरातील पेशींना ही मात्रा मिळते, असे त्यांतून निघत नाही.