बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पार्टला वेल्डिंगचे टाके मारून आणू नका
(डिझेल पंप आणि इंजिन वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

इंजिनाचा पाय तुटला, हेडला चीर गेली, वॉटर जॅकेटमधून पाणी झिरपायला लागलं, की बरेच जण आधी गावातल्या ग्रिल-गेटवाल्याकडून दोन टाके मारून घेतात. ते टिकत नाहीत. मग पार्ट आमच्या शेडवर येतो आणि पहिला प्रश्न असतो, "एवढ्याशा चिरेला दोन दिवस कशाला?" त्यातला बराच वेळ ते टाके काढण्यातच जातो.

ग्रिलवाल्याचा हात वाईट नसतो, रॉड चुकीचा असतो. साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाचा) रॉड पाइपाला, अँगलला उत्तम. पण साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास आणि बिडात अडीच ते चार टक्के. वितळलेला रॉड बिडातला कार्बन ओढून घेतो आणि काचेसारखा कडक, ठिसूळ होतो. गार होताना तो आकसतो. बीड काही ताणलं जात नाही, ते फुटतं. म्हणून नवी चीर बहुतेकदा वेल्डवर नाही, त्याच्या कडेने समांतर गेलेली दिसते. त्या कडक पट्टीवर ड्रिलचं टोक नुसतं घासतं आणि निळं पडतं. शेवटी ग्राइंडरने सगळं खरवडावं लागतं. त्याबरोबर शेजारचं चांगलं बीडही जातं आणि केसाएवढ्या चिरेची अर्ध्या इंचाची खाच होते.

पार्ट बिडाचा की पोलादाचा, हे कळत नसेल तर कामात न येणाऱ्या कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या उडतात; बिडाच्या आखूड आणि तांबूस. कानस मारली तर बिडाची भुकटी पडते आणि बोटं काळी होतात.

एपॉक्सी पुट्टीबद्दलही विचारतात. जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, हंगाम निभावण्यापुरती, चालते. गॅस्केटच्या फेसवर (सपाट बाजूवर) किंवा सायलेन्सरच्या बाजूला नाही. लावली असेल तर लपवू नका. ती वेल्डमध्ये जळली की भोकं पडतात.

ज्यांच्याकडे मशीन आहे आणि हात बसलेला आहे, त्यांनी घरी जरूर करावं. चिरेवर डिझेल लावा, कोरडं पुसा, वर खडू घासा. थोड्या वेळात ओली रेघ उमटते. ती संपते तिथून किंचित पुढे, दोन्ही टोकांना तीन मिमीचं भोक पाडा, नाहीतर चीर पुढे पळते. मग व्ही खाच काढा. बीड वर्षानुवर्षं ऑइल पितं, ते गॅसच्या ज्योतीने धूर थांबेपर्यंत जाळा. निकेल रॉडने एका वेळी इंचभरच वेल्ड करा, गरम असतानाच बॉलपिन हातोडीने हलके ठोके द्या आणि हात टेकवता येईपर्यंत थांबा. माणसं घाई करतात ती इथेच. कमी लागणाऱ्यांना निकेल रॉड आम्ही सुटेही देतो. महाग आहेत, पण आमच्या बिलातही मोठा आकडा त्यांचाच असतो.

तुटलेले पाय, कान आम्ही बहुतेकदा गॅसवर पितळी रॉडने जोडतो. सगळा पार्ट सावकाश तापवायचा, जोडायचा आणि कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवायचा. वाऱ्यावर गार केला तर पुन्हा तडकतो, म्हणून "संध्याकाळी न्यायला येतो" म्हणू नका. हेड असेल तर पाण्याच्या प्रेशरवर तपासून आणि फेस पट्टीने बघूनच देतो.

तुटलेले सगळे तुकडे आणा, नखाएवढेसुद्धा. तुटलेल्या कडा घासू नका, त्या एकमेकींत बसल्या तरच माप जुळतं. तडा गेलेलं फ्लायव्हील मात्र आम्ही कितीही पैसे दिले तरी जोडत नाही. फिरताना फुटलं तर समोरचा माणूस जातो. ते नवीनच घ्या.

हेड आणताना वॉल्व्ह, स्प्रिंग काढून आणा. इंजिनाचा पाय पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष बहुधा फाउंडेशनचा असतो. बोल्ट आवळण्याआधी पायाखाली फट राहते का बघा आणि तिथे पत्र्याचं पॅकिंग द्या. पाणी न सोडता इंजिन तापलं असेल तर आधी बंद करून गार होऊ द्या. तापलेल्या हेडवर गार पाणी सोडलं की चीर जाते.

दराचं म्हणाल, तर कोरा पार्ट बघून तिथल्या तिथे सांगतो. टाके मारलेल्याचा दर खरवडून झाल्यावरच.