बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या लॅबवर एक पोरगा आला. वय 19, तोंडावर मास्क, डोक्यावर केस आत्ता कुठे परत उगवायला लागलेले, सोबत त्याचे वडील. एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचा झपाट्यानं वाढणारा प्रकार, त्यासाठी मुंबईला बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन पाच महिने झालेले, पेशी दिल्या मोठ्या बहिणीनं. तपासण्यांच्या चिठ्ठीत रक्तगट पण होता. मी केला तर ओ पॉझिटिव्ह. काकाजींनी खिशातून पोराचं कॉलेजचं आयकार्ड काढलं, त्यावर बी पॉझिटिव्ह.

"सर, तुमचं काईतरी चुकलं वाट्टे."

मी परत केला, परत ओ. मग विचारलं ताईचा गट कोणता, तर ओ. म्हटलं काकाजी, मग बरोबरच आहे.

"म्हंजे पोट्टं आता पोट्टीचं रक्त घेऊन फिरते काय?"

हो, अगदी तेच. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, पोराच्या जुन्या संपत गेल्या अन् नव्या येतात त्या बहिणीच्या पेशींनी त्याच्या हाडात मांडलेल्या कारखान्यातून. त्याच्या पांढऱ्या पेशींचा डीएनए काढला तर एक्स-वाय ऐवजी दोन एक्स निघतील, केसाच्या मुळाचा काढला तर एक्स-वायच. या मोजणीला कायमेरिझम टेस्ट म्हणतात. बहिणीच्या पेशी किती टक्के हे त्यात कळतं, अन् तो टक्का घसरायला लागला की डॉक्टर सावध होतात, कारण जुना मालक परत येतोय अन् येताना कदाचित कॅन्सर घेऊन येतोय.

गट वेगळा असून पेशी जुळल्या कशा, हा काकाजींचा पुढचा प्रश्न, अन् तो एकदम रास्त. रक्तगटाचा जीन नवव्या क्रोमोसोमवर असतो अन् ट्रान्सप्लांटला जुळवावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरची आपलं-परकं ओळखायची खूण, ती सहाव्यावर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एचएलएचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून, म्हणून सख्ख्या भावंडात पूर्ण जुळायचा चान्स चारात एक. याच्या नशिबानं ताई जुळली.

ट्रान्सप्लांट म्हटलं की गावात लोकांना मोठं ऑपरेशन वाटतं. घेणाऱ्यावर चाकू चालतच नाही, आधी जोरदार केमो देऊन जुनी मॅरो, म्हणजे हाडातला रक्ताचा जुना कारखाना, साफ करतात अन् मग सलाईनसारखी एक पिशवी नसेतून चढवतात, पेशी आपोआप हाडात जाऊन बसतात. अमेरिकेत थॉमस नावाच्या डॉक्टरनं 1957 मध्ये हे पहिल्यांदा छापून आणलं, सुरवातीचे पेशंट जवळपास सगळे गेले, तरी माणूस मागं लागून राहिला अन् 1990 मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी 1983 मध्ये पहिलं केलं.

खरी भानगड पिशवी संपल्यावर सुरू होते. नव्या पांढऱ्या पेशी बहिणीच्या, त्यांच्या दृष्टीनं पोराचं अख्खं शरीर परकं. त्या भिडतात कातडीला, आतड्याला, लिव्हरला. लाल चट्टे, पाण्यासारखी हगवण, डोळे पिवळे. याला जीव्हीएचडी म्हणतात. अन् गंमत बघा, याच भांडकुदळ पेशी उरलासुरला कॅन्सर पण शोधून मारतात, म्हणजे त्यांना पूर्ण झोपवलं तर कॅन्सर उठतो अन् मोकळं सोडलं तर पेशंट जातो. गेल्या 40-50 वर्षांचं अर्धं संशोधन या एका तारेवरच चाललंय असं मला वाटतं.

त्यातला एक उपाय मला लय आवडतो, कारण तो आपल्या शेतातल्यासारखाच आहे. तण उगवायच्या आधी डवरा मारून उपयोग नाही अन् मोठं झाल्यावर मारून पण नाही, दोन पानांवर आलं की मारायचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी हेच केलं. पिशवी दिल्यावर तिसऱ्या अन् चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं केमोचं औषध द्यायचं. तोवर बहिणीच्या ज्या पेशी पोराच्या शरीरावर चिडल्यात त्या भराभर वाढायला लागलेल्या असतात, अन् हे औषध वाढत्या पेशींनाच जास्त मारतं. मॅरो उभी करणाऱ्या मूळ पेशींमध्ये मात्र त्या औषधाला निष्प्रभ करणारं एन्झाइम भरपूर असतं, म्हणून त्या वाचतात. औषध जुनं, स्वस्त. यामुळेच आता अर्धं जुळणाऱ्या आईबापाच्या पेशी पण चालायला लागल्या. 2023 मध्ये अमेरिकेतली 431 पेशंटची एक ट्रायल छापून आली, जुन्या पद्धतीच्या औषधांशी तुलना केलेली: वर्षानंतर गंभीर जीव्हीएचडी नाही, कॅन्सर परत नाही अन् माणूस जिवंत, असे जुन्या पद्धतीत जवळपास 35 टक्के अन् नव्यात 53. पण ते पेशंट सौम्य केमोवाले, बरेचसे वयस्क, अन् तिथले. आपल्याकडचे टीबी-बुरशीसारखे जंतू त्या हिशोबात नाहीत, हे पण ध्यानात ठेवावं.

एवढं करूनही जीव्हीएचडी झालाच तर स्टेरॉइड, अन् स्टेरॉइडला दाद देत नसेल तर रक्सोलिटिनिब. मुळात मॅरोच्या दुसऱ्याच आजारासाठी काढलेली गोळी ही. 2020 च्या ट्रायलमध्ये अशा अडलेल्या पेशंटपैकी 62 टक्क्यांना 28 व्या दिवशी फरक दिसला, इतर उपचारांत 39 टक्क्यांना.

आता गावातली गोष्ट. पहिले शंभर दिवस हा पोरगा अन् त्याची माय मुंबईतच राहिले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत (बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, मेल्यावर पण आपल्याच लोकांची सोय करून राहिलेत). तिथं दर आठवड्याला सीएमव्हीची पीसीआर व्हायची. हा व्हायरस आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुमान पडून असतो, प्रतिकारशक्ती झोपली की उठतो. ताप यायची वाट पाहायची नाही, रक्तात आकडा वाढताना दिसला की तेव्हाच औषध, हे पण संशोधनातूनच आलं.

शंभर दिवसांनी गावी आल्यावर जबाबदारी आमच्यासारख्यांवर. एकदा टॅक्रोलिमसची, म्हणजे बहिणीच्या पेशींना आवरून धरणाऱ्या गोळीची, रक्तातली लेव्हल करायला आला, मी सुई लावायच्या आधी सहज विचारलं, सकाळची गोळी घेतली का? "हो सर, बसमध्येच घेतली." झालं. ही लेव्हल पुढची गोळी घ्यायच्या आधी, रक्तात औषध सगळ्यात कमी असताना मोजायची असते. मी तसंच जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन नागपूरला पाठवलं असतं तर आकडा फुगून आला असता, डॉक्टरनं डोस कमी केला असता अन् दोन आठवड्यांनी अंगावर चट्टे. परत पाठवला, दुसऱ्या दिवशी बिनगोळीचा आला, गोळी खिशात घेऊन. चकोतरा, म्हणजे पपनस, खाऊ नको म्हणून पण सांगितलं होतं, त्यानं औषधाची लेव्हल चढते. आपलं संत्रं त्यात नाही, अन् नागपूरच्या माणसाला हे सांगितल्यावर होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

कुटाराच्या गंजीजवळ, शेणखताच्या खड्ड्याजवळ जायचं नाही, त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात अन् ते फुफ्फुसात रुजतात. काकाजींनी तुरीचं कुटार घरामागून हलवून थेट शेतात नेलं, गायीला पण. ऊन टाळायचं, उन्हानं कातडीचा जीव्हीएचडी भडकतो, पण मे महिन्यात आमच्याकडे हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याची माय रोज सकाळी त्याचे तळहात अन् कानामागं बघते, लाल दिसलं की फोटो काढून मुंबईच्या नर्सला पाठवते. चौथी शिकलेली बाई आहे. दोनदा तिच्या फोटोवरून औषध बदललंय.

आता वर्ष झालं. जुन्या मॅरोसोबत लहानपणीच्या लसींची आठवण पण बरीचशी पुसली जाते, म्हणून धनुर्वात, घटसर्प, पोलिओ सगळं परत घ्यावं लागतं, गोवरसारख्या जिवंत लसी तर दोन वर्षांनंतरच, ते पण सगळं ठीक असेल तर. पोरगा यादी घेऊन उपकेंद्रात गेला. सिस्टरनं यादी वाचली, इकडंतिकडं पाहिलं अन् विचारलं, "बाळ कुठाय?"

"मीच हो, मॅडम."