आयोवा आणि फाशाची टेस्ट: दोन्हीत पैसे हरतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत

मेंदूच्या पेशंटच्या मानसशास्त्रीय टेस्टच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते, "डिसिजन मेकिंग वीक", म्हणजे निर्णय घेणं कच्चं, आणि खाली आयोवा गॅम्बलिंग टास्क नावाच्या पत्त्यांच्या टेस्टचा एकुलता एक आकडा. वीक म्हणजे नेमकं काय हो, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "रिस्क फार घेतो". आता आयोवाने रिस्क मोजली कुठे? निदान पत्त्यांची पहिली तीसचाळीस पानं तरी नाही. हे मी इतक्यांदा समजावलंय की आता एकदा लिहूनच टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक देईन.

आयोवा तुम्हाला माहीत असणार, म्हणून भरभर. 1994 साली बेशारा (आपण वाचतो बेचारा आणि एकदा हसून घेतो), दामासिओ नवराबायको आणि अँडरसन यांनी आणली. पत्त्यांच्या चार गड्ड्या, हातात 2000 डॉलर खोटे, एकूण 100 पानं उचलायची. ए आणि बी मधलं पान 100 देतं, सी आणि डी मधलं 50, पण मधूनच दंड बसतो आणि दहा पानांचा हिशोब केला तर ए-बी 250 ने खड्ड्यात, सी-डी 250 ने वर. टेस्ट काढावी लागली कारण कपाळामागच्या भागाला, व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटलला, इजा झालेले काही पेशंट आयक्यू, मेमरी, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग (विचारांची लवचिकता तपासणारी टेस्ट) सगळं झकास करायचे आणि घरी जाऊन आयुष्याची माती करायचे.

फाशाची टेस्ट, म्हणजे गेम ऑफ डाइस टास्क, कमी लोकांना माहीत आहे. मॅथियास ब्रँड आणि मंडळींनी 2005 मध्ये छापली, तेव्हा ती कोर्साकॉफच्या, म्हणजे आठवण पार बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, पेशंटवर वापरली होती. हातात 1000 युरो, एकच फासा, 18 वेळा टाकायचा, आणि प्रत्येक वेळी आधी पैज लावायची. एकाच आकड्यावर लावली तर 1000 मिळणार किंवा जाणार, दोन आकड्यांच्या जोडीवर 500, तिघांवर 200, चौघांवर 100.

डॉलर की युरो, पानं की फासा, 100 वेळा की 18 वेळा, हे फरक सोडून द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते इथे: फाशात सगळं आधी सांगितलेलं असतं, आयोवात जवळजवळ काहीच नाही. आयोवात एवढंच सांगतात की काही गड्ड्या बाकीच्यांपेक्षा वाईट आहेत, त्यांच्यापासून लांब राहिलात तर जिंकाल. कुठल्या, किती, दंड कधी बसणार, ते तुमचं तुम्ही शोधा. समोर बसलेला माणूस बी ची गड्डी धरतो, 100, परत 100, आठ पानं नुसती मजा, खुर्चीत जरा सैल होऊन बसतो, आणि नवव्या पानाला 1250 चा दंड. या नवव्या पानापर्यंत त्याने जे केलं त्याला रिस्क म्हणणार तुम्ही? त्याच्या हिशोबाने ती सगळ्यात चांगली गड्डी होती की. त्याला धोका दिसतच नव्हता, आणि न दिसणाऱ्या धोक्यात पाय टाकणं ही वेगळी गोष्ट, दिसत असून टाकणं वेगळी. पहिल्याला अँबिग्युइटी म्हणतात, दुसऱ्याला रिस्क, आणि हे काही परवा निघालेलं खूळ नाही, अर्थशास्त्रात फ्रँक नाइटने 1921 मध्येच मोजता येणारी आणि न येणारी अनिश्चितता वेगळी काढली होती.

फाशात ही पळवाट नाही. सहा बाजू, सगळ्यांना दिसतात. एका आकड्यावर लावलं तर सहातली पाच वेळा हरणार, सरासरी काढली तर दर वेळी साधारण 667 चा खड्डा. दोनवर 167 चा. तीनवर शून्य, ना नफा ना तोटा. चारवर 33 चा फायदा, अगदी चिल्लर, पण फायदा. नियम पहिल्या टाकीपासून शेवटच्या टाकीपर्यंत बदलत नाहीत, शिकायचं काही नाही, फक्त डोकं लावायचं आणि 1000 च्या मोहाला आवर घालायचा. एवढं समोर मांडलेलं असून जो अठरापैकी बारा वेळा एकाच आकड्यावर लावतो त्याच्याबद्दल "रिस्क घेतो" लिहा, माझी काही हरकत नाही. इथे प्लॅनिंग, विचारांची लवचिकता, स्वतःला थांबवणं या एक्झिक्युटिव्ह फंक्शनचा थेट संबंध येतो, ब्रँडच्या पहिल्याच पेपरमध्ये तो दिसला होता.

आणि खरा गुंता पुढेच आहे, कारण आयोवा मध्यावर रूप बदलते. चाळीसेक पानांनंतर बऱ्याच लोकांना गड्ड्यांचा अंदाज आलेला असतो, म्हणजे आता धोका माहीत आहे, म्हणजे ती थोडीफार फाशासारखीच झाली. 2007 मध्ये ब्रँड आणि बेशारा यांनी एकत्र येऊन हेच दाखवलं, एक्झिक्युटिव्ह टेस्टशी आणि फाशाशी नातं दिसतं ते आयोवाच्या नंतरच्या पानांचं, सुरुवातीच्यांचं नाही. मग शंभराची मोळी बांधून एकच नेट स्कोर (चांगल्या गड्ड्यांची पानं वजा वाईट गड्ड्यांची) देता तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करता. वीस-वीस पानांचे पाच ब्लॉक पाडायची पद्धत जुनीच आहे, सॉफ्टवेअर पाडूनही देतं, तरी लोक एकूण आकडाच का उचलतात देव जाणे.

बरं, आयोवात नापास म्हणजे लगेच व्हेंट्रोमीडियल, असंही नाही. फेलोज आणि फराह यांनी 2005 मध्ये गड्ड्यांचा क्रम बदलून बघितला, मोठे दंड सुरुवातीलाच दिसतील असा, आणि त्या भागाला इजा असलेले पेशंट चक्क नॉर्मल खेळले. म्हणजे त्यांची अडचण होती ती आधी चांगली वाटलेली गोष्ट सोडून देण्यात. डॉर्सोलॅटरल, म्हणजे त्याच पुढच्या मेंदूच्या वरच्या-बाहेरच्या भागाला, इजावाले मात्र क्रम बदलूनही अडकलेच. शिवाय बी ची गड्डी धडधाकट लोकांनाही आवडते, दंड क्वचित येतो ना, त्यामुळे ए आणि बी एकत्र करून "वाईट गड्ड्या" म्हणण्याआधी वेगवेगळ्या मोजा.

यातच एक डोकेदुखी, आयोवा म्हणजे "मनाचा कौल" मोजणारी टेस्ट हा समज. बेशारा आणि मंडळींच्या 1997 च्या पेपरमध्ये वाईट गड्डीकडे हात जाताना तळहाताला आधीच घाम येतो, माणसाला कळायच्या आधी, असं आलं आणि सगळे भारावले. 2004 मध्ये माइया आणि मॅक्लेलँड यांनी नीट खोदून प्रश्न विचारले, तर लोकांना बरंच आधीपासून कळत होतं असं निघालं. घाम खोटा नाही, पण "कळायच्या आधी" हे सिद्ध झाल्यासारखं रिपोर्टात ठोकू नका. आणि दोन्ही टेस्टच्या नावात जुगार, फासा असलं काही आहे म्हणून जुगाराचं व्यसन तपासायला त्या बनलेल्या नाहीत, हेही एकदा कानावर घालते.

मला वेळ एकाच टेस्टचा असेल आणि पेशंटला आठवणीत ठेवायचा त्रास असेल तर मी फासाच देते, आयोवात कुठल्या गड्डीने कधी मारलं हे डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि मग निर्णय कच्चा की मेमरी कच्ची हे सांगता येत नाही. वेळ असेल तर दोन्ही. फाशात ठीक आणि आयोवाच्या पहिल्या दोन ब्लॉकनंतरही गाडी ए-बी वरच अडकली असेल तर "नियम सांगितले की नीट ठरवतो, अनुभवावरून पवित्रा बदलायला जमत नाही" असं लिहा, घरच्यांना त्यातून निदान समजेल तरी की त्यांनी त्याला काय आधीच स्पष्ट सांगून ठेवायला हवं.