लिबव्हिप्सच्या बाइंडिंगसाठी ३०० रॅपर लिहावे लागतात का?

लिबव्हिप्स या प्रतिमा-प्रक्रियेच्या सी लायब्ररीमध्ये सुमारे ३०० ऑपरेशन्स आहेत, म्हणून बाइंडिंगसाठी, म्हणजे ती नव्या भाषेतून वापरता यावी यासाठी, तेवढीच रॅपर फंक्शन्स (मूळ फंक्शनला बोलावणारी वेष्टनं) हाताने लिहावी लागतात, असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे.

प्रत्येक ऑपरेशन हा जीऑब्जेक्ट (सी भाषेतली एक ऑब्जेक्ट-पद्धत) असतो. आपले इनपुट, आउटपुट आणि ऐच्छिक पर्याय तो रनटाइमला स्वतःच सांगतो. त्यामुळे एकच सामान्य कॉल पुरतो: व्हिप्स_ऑपरेशन_न्यू ला नाव द्या, प्रॉपर्टी भरा, व्हिप्स_कॅश_ऑपरेशन_बिल्ड चालवा, आउटपुट वाचा. पायथनसाठीचं बाइंडिंग पायव्हिप्स असंच चालतं. व्हिप्स_अ‍ॅड सारखी सी फंक्शन्स मात्र एफएफआयमधून (दुसऱ्या भाषेतून सी फंक्शन थेट बोलावण्याची सोय) बोलावू नका. त्यांची आर्ग्युमेंट्स बदलत्या संख्येची असतात.

खरी मेहनत मेमरीची. बिल्ड वेगळा पॉइंटर परत करू शकतो, कारण कॅशमध्ये (आधी केलेली कामं जपून ठेवणारी जागा) तेच काम आधी झालेलं असू शकतं. जुन्या पॉइंटरवरून आउटपुट वाचलं की कधी चालतं, कधी नाही, आणि असा बग शोधणं म्हणजे डोकेदुखीच. जुना अनरेफ करून (त्याचा संदर्भ सोडून) परत आलेलाच वापरा. शेवटी व्हिप्स_ऑब्जेक्ट_अनरेफ_आउटपुट्स विसरलात तर मेमरीची गळती ठरलेली. व्हिप्स_इमेज_न्यू_फ्रॉम_मेमरी बफरची प्रत करत नाही. गार्बेज कलेक्टरने (वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी भाषेची यंत्रणा) तो बफर उचलला, तर क्रॅश बऱ्याच उशिरा, पिक्सेल मोजले जाताना होतो. म्हणून प्रतिमा जिवंत असेपर्यंत बफरचा संदर्भ धरून ठेवा.