गणपती बसवणारा अध्यक्ष आणि फीचा प्रश्न मांडणारा प्रतिनिधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं आता एम.एस्सी.साठी थेट ब्रिटन गाठतात. विमानात बसण्याआधीच कुणीतरी त्यांना तिथल्या विद्यापीठातल्या मराठी नाहीतर भारतीय मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतं. मग खोली, फी, व्हिसा, कुकरचा प्लग, सगळं एकाच माणसाला विचारलं जातं: मंडळाच्या अध्यक्षाला. त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी निवडून आलेला एक प्रतिनिधीही बहुधा असतो. त्याचं नावसुद्धा आपल्या मुलांना ठाऊक नसतं.

ही गल्लत होण्याचं कारण इथेच आहे, असं मला वाटतं. आपल्या कॉलेजात जी.एस., म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस, म्हटलं की गॅदरिंग आलं. मंडप, पाहुणे, प्रायोजक, बक्षिसं. कर्नाटकात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका तीन दशकांहून जास्त काळ बंद आहेत, त्यामुळे मत मागायला दारात आलेला विद्यार्थी नेता आपल्या पोरांनी पाहिलेलाच नसतो. विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांसाठी काही करायचं म्हणजे कार्यक्रम करायचा, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

तिकडे या दोन पदांचा पायाच वेगळा. ब्रिटनमध्ये 1994 च्या शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थी संघटनेच्या मुख्य पदांसाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं आणि सगळ्या सभासदांना मताचा हक्क असतो. प्रवेश घेतला की विद्यार्थी आपोआप सभासद होतो. नको असेल तर बाहेर राहण्याची मुभाही तोच कायदा देतो. काही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी पूर्णवेळ पगारी असतो, काही ठिकाणी शिकता शिकता हे काम सांभाळतो. दोन्हीकडे तो तुमचं ऐकायला बांधील आहे, मग तुमची ओळख असो वा नसो, तुम्ही त्याला मत दिलेलं असो वा नसो. मंडळाचं तसं नसतं. ते वर्गणी भरणाऱ्यांचं, हौसेने चाललेलं. अध्यक्ष रात्री अकरा वाजता फोन उचलतो तो चांगुलपणा म्हणून. त्याच्यावर तशी सक्ती नाही.

आणि हा चांगुलपणा मी कमी लेखत नाही. गणपतीचंच बघा. संघटनेच्या इमारतीत खोली आधी आरक्षित करावी लागते. निरांजन लावायचं तर आगीच्या धोक्याचा फॉर्म भरावा लागतो, नाहीतर धुराने अलार्म वाजून अख्खी इमारत रिकामी व्हायची. खजिनदार संघटनेकडे अनुदानाचा अर्ज करतो. मोदकाला गोठवलेलं खोबरं मिळतं, उकड कुणाच्यातरी वसतिगृहाच्या किचनमध्ये निघते. एवढं करून आरती सुरू झाली की महिनाभर खोलीत गप्प बसलेलं पोरगं टाळ्या वाजवायला लागतं. हे काम कुठलाही निवडून आलेला प्रतिनिधी करू शकणार नाही. बेळगावकराला तर कन्नड मंडळाचंही दार उघडं असतं. भाषा येते, उगादी आणि पाडवा एकाच दिवशी, मग एका ताटावरून उठून दुसऱ्यावर बसायला हरकत काय? विद्यापीठाबाहेर लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर 1932 पासून आहे.

आता फीचं घ्या. दुसऱ्या हप्त्याची तारीख तोंडावर आलेली, इथे बँकेत कर्जाचा टप्पा एका कागदासाठी अडलेला. बाबा टिळकवाडीतून शाखेत खेटे घालतायत आणि तिथे विद्यापीठाचे स्मरणपत्रांचे ईमेल येतायत. मुलगा अध्यक्षाला विचारतो. अध्यक्ष सांगतो, ‘अरे, माझंही असंच झालेलं, होईल नीट.’ धीर मिळतो, मुदत मिळत नाही. एकट्याचं प्रकरण असेल तर संघटनेच्या सल्ला केंद्रात जायचं. तिथे पगारी सल्लागार असतात आणि विद्यापीठाला काय लिहायचं ते तेच सांगतात. पण हीच अडचण दरवर्षी कर्जावर शिकणाऱ्या पन्नास जणांची असेल, तर ती प्रतिनिधीकडे न्यायची. विद्यापीठाच्या समित्यांपर्यंत पोचायची वाट त्याच्याकडे आहे. हप्त्यांच्या तारखा बदला, घरमालक मागतात तो स्थानिक जामीनदार विद्यापीठानेच द्या, हे तो तिथे मांडू शकतो. मान्य होईलच असं नाही, पण नोंद होते आणि पुढच्या वर्षी त्यावर जाब विचारता येतो.

व्हिसाचा प्रश्न मात्र या दोघांपैकी कुणालाच विचारू नका. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार कायद्याने ठरावीक लोकांनाच आहे. विद्यापीठाच्या व्हिसा कक्षात जा. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास कामाची मर्यादा असते. ‘रोखीने जास्त कर, कुणाला कळतंय’ असं ग्रुपवर कुणी लिहिलं तर ते वाचून सोडून द्या. निस्तरायची वेळ आली की लिहिणारा सोबत नसतो.

दोघांची सांगड बसते तिथे मात्र खरंच काम होतं. कोण उपाशी झोपतोय, कोण लेक्चरला जात नाही, हे आधी मंडळाला कळतं. अध्यक्षाने ते पोटात न ठेवता, त्या मुलाला विचारून, त्याला सोबत घेऊन सल्ला केंद्रात जावं. हे मी बेळगावातल्या मुलांनाही सांगेन. बेळगावची केएलई शिक्षणसंस्था आणि मलेशियाचं सायन्स विद्यापीठ यांच्या वैद्यकीय कार्यक्रमामुळे 2010 पासून मलेशियन मुलं आपल्या गावात शिकायला येत आली आहेत. भारतात 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्यांच्या सणाला हौसेने जावंच, पण नोंदणीचं काय झालं हेही विचारावं.

आपली मुलं तिकडे मंडळाच्या अध्यक्षपदासाठी हिरिरीने उभी राहतात, प्रतिनिधीपदासाठी क्वचित. ‘व्हिसावर चालत नाही’ हा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. विद्यार्थी व्हिसावर संघटनेचं निवडून आलेलं पूर्णवेळ पद जास्तीत जास्त दोन वर्षं भूषवता येतं. पूर्णवेळ पदांच्या निवडणुका बहुतेक विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, म्हणून सप्टेंबरात पोचणाऱ्याने दिवाळीच्या सुमारास तारखांची चौकशी सुरू करावी.